उज्वलाचा गरम स्कूप

उज्वला विधातेच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या त्याला वर्ष होऊन गेलं होतं, आणि ही गोष्ट तिने केटरर किशोरशेठपासून लपवून ठेवली होती.

लपवावी अशीच ती गोष्ट होती. औरंगाबाद नाक्यापासून पुढे लग्नाची जेवढी लॉन्स आहेत, त्यांतल्या निम्म्यांत तरी आईस्क्रीमच्या काउंटरमागे उज्वला उभी राहिलेली. मखमलाबादच्या माळ्याच्या घरातली ही सून. लग्न होऊन आली तेव्हा गुलाबाचा मळा होता. पहाटे फुलं तोडायची, टोपल्या भरायच्या आणि नवऱ्याबरोबर, निवृत्तीबरोबर, टेम्पोत बसून मांडववाल्यांना पोचवायच्या. अशाच एका लग्नात आईस्क्रीम वाढणारा माणूस ऐन वेळी आला नाही. डबे दगडासारखे गोठलेले, पंगत उठत आलेली आणि किशोरशेठच्या तोंडचं पाणी पळालेलं. उज्वलाने टोपली खाली ठेवली, पदर खोचला आणि म्हणाली, "द्या इकडं."

त्याला अठरा वर्षं झाली. मळ्यातून रस्ता गेला, गुलाब गेले, उरलेल्या तुकड्यात निवृत्ती मेथी-कोथिंबीर करत राहिला आणि उज्वला लग्नसराईत आईस्क्रीम वाढत राहिली. तिचा पहिला गोळा आणि पाचशेवा गोळा शेजारी-शेजारी ठेवले तर फरक सांगता येत नसे. मनगटाला एकच हिसका द्यायची, स्कूप डब्याच्या कडेने फिरायचा आणि गोळा वाटीत पडायचा तो पिस्त्याची बाजू वर करूनच.

ते मनगटच आता साथ देईना. पहाटे हात बधिर होऊन जाग यायची. पोळी लाटताना लाटणं सुटायचं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "मनगटात नस दबलीय. हे घट्ट आईस्क्रीम उकरणं बंद करा, नाहीतर ऑपरेशन करून घ्या. पुढे दोन-तीन महिने काम नाही."

"आषाढ लागू द्या," उज्वला म्हणाली. आषाढात मुहूर्त नसतात.

त्याच सुमारास किशोरशेठने सहज बोलावं तसं बोलून टाकलं, "ताई, पुढच्या वर्षीपासून सीलबंद कपच ठेवू म्हणतो. उघडायचा, द्यायचा. कोणीही देईल." त्यातला 'कोणीही' हा शब्द तिच्या मनात रुतून बसला. हाताचं कळलं असतं तर तो पुढच्या वर्षापर्यंतही थांबला नसता.

संक्रांतीला ती तिळगूळ द्यायला मामांकडे गेली. कोंडाजीमामा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर होते. छत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले, तरी अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं काहीतरी ठोकणं, जोडणं चालूच असायचं. चहा पिता पिता उज्वलाच्या हातून कप निसटला. मामांनी फुटक्या कपाकडे पाहिलंच नाही, हाताकडे पाहिलं.

"कधीपासून?"

तिने सगळं सांगितलं. गरम पाण्यात स्कूप बुडवून पाहिला तेही सांगितलं. दहा मिनिटांत पाणी दुधाळ होतं, बघणारा नाक मुरडतो, आणि थेंब डब्यात पडले की त्यांचे खडे होतात.

"मंग पाणी कशाला? स्कूपच गरम करू की," मामा म्हणाले.

तीन आठवड्यांनी त्यांनी निवृत्तीच्या हाती डबा पाठवला. आत स्टीलचा स्कूप होता. पोकळ दांड्यात मामांनी छोटी कॉईल बसवली होती, अंगठ्याखाली बटण होतं आणि दोन वायरी स्कूटरच्या बॅटरीला चिमट्यांनी लावायच्या होत्या. बटण दाबलं की कपाळ शेकावं इतपत स्कूपचं तोंड गरम व्हायचं, आणि आईस्क्रीममधून तो असा जायचा की मनगटाला काही करायलाच नको. उज्वलाने मामांना फोन लावला आणि तुमचे उपकार कसे फेडू, असं विचारलं.

"ते ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "एक ध्यानात ठेव. याला थेट लाईट लावायची नाय. कोणी म्हनलं बॅटरी कशाला वागवता, पिन लावा, तरी नाय. बॅटरी बारा व्होल्टची हाय, तिचा शॉक बसत नाय. तुझ्या हातात मी दोनशे तीस व्होल्ट देनार नाय."

फाल्गुन-चैत्रातली सगळी लग्नं तिने त्या स्कूपवर काढली. बॅटरी टेबलाखाली, वर कापड. कोणाला कळलं नाही.

मग वैशाखातलं ते लग्न आलं. नवरदेवाकडची मंडळी नांदगावची, मुहूर्त दुपारी बारा बाविसाचा, माणूस हजाराच्या वर. ऊन इतकं होतं की लॉनवर अंथरलेल्या हिरव्या गालिच्यावर सकाळपासून दोनदा पाणी मारलं होतं. किशोरशेठचा जुना लांबलचक डीप फ्रीझर नेहमी लाकडी फळ्यांवर ठेवत. त्या दिवशी घाईत तो तसाच ओल्या गालिच्यावर उतरवला गेला. त्याची वायर गालिच्याखालून मागच्या पडद्याकडे गेली होती. काउंटरवर उज्वला होती आणि वाट्या मांडायला तिची धाकटी जाऊ निकिता.

मंगलाष्टकं सुरू झाली तशी उज्वलाने झाकण सरकवलं आणि सीताफळाचा पहिला डबा मोकळा करायला घेतला. मनगट फ्रीझरच्या स्टीलच्या कडेला टेकलं आणि हाताला मुंग्या आल्या.

तिने हात झटकला. रोजचंच होतं. पुन्हा स्कूप घातला, मनगट टेकलं, पुन्हा मुंग्या.

पण या मुंग्या वेगळ्या वाटल्या. तिच्या नेहमीच्या मुंग्या अंगठ्यापासून हळूहळू चढायच्या आणि तासभर हलायच्या नाहीत. या कोपरापर्यंत सर्रकन गेल्या आणि हात उचलताच थांबल्या. तिने मुद्दाम मनगट टेकवलं. आल्या. उचललं. गेल्या.

उज्वला थांबली. स्कूप बाजूला ठेवून तिने डाव्या हाताची पाठ कडेला जरा लावली. बारीक थरथर जाणवली, की जाणवल्यासारखी वाटली? तिला नक्की सांगता येईना. वर्षभर ज्या हातांनी तिला फसवलं होतं, त्यांच्यावर विश्वास तरी किती ठेवायचा? तिच्या पायात जाड रबरी स्लीपर होत्या. रबरावर उभं राहून जर एवढं लागतंय, तर अनवाणी माणसाला किती लागेल?

"निकिता, फ्रीझरपासून लांब हो. कशालाच हात लावू नको. जा, लाईटवाल्या वाल्मीकला बोलावून आण. टेस्टर घेऊन ये म्हणावं."

निकिता पळत गेली आणि तशीच परत आली. लॉनचा इलेक्ट्रिशियन वाल्मीक स्टेजमागे शिडीवर होता. "अक्षता पडल्यावर येतो म्हणाला."

तेवढ्यात किशोरशेठ घाम पुसत आला. "ताई, अजून वाट्या रिकाम्या? अक्षता पडल्या की अर्धी माणसं आधी इकडंच येणार."

"शेठ, फ्रीझरला करंट उतरलाय."

"काय?" त्याने चटकन हात लावला. बुटांचे तळवे बोटभर जाड होते. "कुठं काय? मला तर काही नाही लागत."

"तुमच्या पायात बूट आहेत."

किशोरशेठची नजर टेबलाखाली गेली. कापडाखालून आलेल्या दोन वायरी त्याला दिसल्या. "हे काय? स्कूपला वायर? ताई, तुम्ही हा काय जुगाड आणलाय माझ्या काउंटरवर?"

"ती बॅटरी आहे. तिचा शॉक बसत नाही."

"मग हाताला लागलं काय?" तो तिच्याकडे रोखून बघायला लागला. "आणि असला स्कूप लागतोच कशाला तुम्हाला? हाताला काही झालंय का?"

मंगलाष्टकांचं पाचवं कडवं चालू होतं. उज्वलाला दोन वाटा दिसत होत्या. हात ठणठणीत आहे म्हणावं तर खोटं, आणि खोट्यावर उभं राहून ही लढाई लढता येणार नव्हती. खरं सांगावं तर तिच्या शब्दाला काही वजन उरणार नव्हतं.

"वर्षभर मुंग्या येतात," ती म्हणाली. "नस दबलीय. पण शेठ, या मुंग्या त्या नाहीत. मला कळतंय."

किशोरशेठ हसला. त्या हसण्यात सुटकाही होती आणि रागही. "म्हणजे हात तुमचा दुखतो आणि नाव माझ्या फ्रीझरचं! व्हा बाजूला. निकिता, घे तो स्कूप."

"निकिता, हात लावायचा नाही!" उज्वला इतक्या जोरात बोलली की शेजारच्या पाणीपुरीवाल्याने मान वर केली.

निकिता दोघांच्या मध्ये वाटी घेऊन तशीच उभी राहिली. आणि मग ताशा कडाडला, अक्षता उडाल्या, हजार माणसं एकदम खुर्च्यांवरून उठली.

"मागं पडद्याकडं जा," उज्वला निकिताच्या कानात म्हणाली. "ही वायर ज्या बोर्डाला असेल तिथलं बटण बंद कर. बटणच. पिनेला हात लावू नको."

निकिता गेली. किशोरशेठ कपाळावर हात मारून जेवणाच्या बाजूला धावला, तिथेही त्याला कोणीतरी हाका मारत होतं. उज्वला काउंटरच्या पुढे आली, दोन्ही हात पसरून उभी राहिली. "थांबा, दोन मिनिटं थांबा. फ्रीझर बंद आहे. जवळ येऊ नका."

पोरं थांबली. बायका कुरकुरल्या. एक गृहस्थ म्हणाले, "बंद आहे तर वितळायच्या आत द्या ना!" गर्दी मागून रेटत होती आणि पडद्याकडून निकिताचा पत्ता नव्हता.

सगळ्यांचं लक्ष समोर असताना एक म्हातारी बाजूने आली. भरजरी हिरवं लुगडं, दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. नव्या चपलेने टाच सोलली म्हणून चपला तिने डाव्या हातात धरल्या होत्या, आणि ओल्या गालिच्यावरून ती अनवाणी चालत येत होती. नवरदेवाची आजी, भागुबाई. एवढी गर्दी बघून तिने सोपा मार्ग काढला होता, बाजूने जायचं, वाकून आत बघायचं. उजवा हात फ्रीझरच्या कडेवर टेकायला तिने पुढे केला.

उज्वलाने तिला पाहिलं तेव्हा हात आणि कड यांत वीतभर अंतर होतं. हाक मारून ऐकू गेलं नसतं. उज्वलाने झेप घेतली आणि दोन्ही हातांनी म्हातारीला ढकललं.

भागुबाई कोपरावर आपटली. तीन बांगड्या फुटल्या, काचा गालिच्यावर उडाल्या.

मग एकदम गलका झाला. "आजीला ढकललं!" "वेड लागलं का या बाईला?" "लग्नाच्या मांडवात बांगडी फुटली!" एका बाईने उज्वलाचा दंड धरून मागे ओढलं. भागुबाई बसल्या जागेवरून ओरडत होती, "म्हाताऱ्या मान्साला असं ढकलत्यात का गं? काय केलं व्हतं मी तुझं?"

गलका ऐकून वाल्मीक शिडी सोडून धावत आला. खिशात टेस्टर होता. त्याने टेबलाखालच्या वायरी पाहिल्या आणि लगेच म्हणाला, "ताई, हे काय लावलंय? यानेच येत असणार."

उज्वलाने दंड सोडवून घेतला. टेबलाखाली वाकून बॅटरीचे दोन्ही चिमटे काढले, स्कूप आणि वायरी उचलून लांब भिरकावल्या. "हे बघ. काढलं सगळं. आता लाव टेस्टर."

वाल्मीकने टेस्टरचं टोक फ्रीझरच्या कडेला लावलं. टेस्टरमधला दिवा लालभडक पेटला.

जवळच्या चार-पाच जणांनी तो पाहिला. "मागं व्हा! सगळे मागं व्हा!" ओरडत वाल्मीक पडद्यामागे पळाला. निकिता तिथे कुलूप लावलेल्या बोर्डाच्या पेटीशी झटापट करत होती, किल्ली वाल्मीककडेच होती. त्याने पेटी उघडून मेन स्विच पाडला. पंखे थांबले, माईक अर्ध्या वाक्यात बंद पडला, आणि लॉनवर नुसता माणसांचा आवाज उरला.

उज्वला खाली बसली. भागुबाईच्या कोपराला खरचटलं होतं, ते तिने ओल्या रुमालाने पुसलं आणि काचा वेचायला लागली. "चुकलं आजी. दुसरं काही सुचलं नाही."

आणि काचा वेचता वेचता तिच्या कानावर किशोरशेठचा आवाज आला. तो नवरदेवाच्या वडिलांना सांगत होता, "आमच्या ताईंनी घरून कसलंसं गरम स्कूपचं यंत्र आणलं होतं साहेब, त्याने शॉर्ट झालं. आता काढून टाकलंय. काळजी करू नका."

उज्वला उठून त्यांच्यासमोर उभी राहिली. "शेठ, फ्रीझरची वायर बघा. वाल्मीक, तू सांग. चिमटे काढल्यावर दिवा लागला की नाही?"

वाल्मीकने तिच्याकडे पाहिलं, शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या लॉनच्या मॅनेजरकडे पाहिलं आणि मान खाली घातली. दिवा पाहिलेले चार-पाच जण जेवायला गेले होते. फ्रीझरची वायर वाल्मीकनेच अंथरली होती.

"बाई," नवरदेवाचे वडील तुटकपणे म्हणाले, "आज माझ्या घरचं कार्य आहे. तुमचं यंत्र घ्या आणि निघा."

ती निघाली. निवृत्ती टेम्पो घेऊन आला, तिने स्कूप आणि बॅटरी मागे टाकली. निकिता रस्ताभर रडत होती.

त्यानंतर तीन आठवडे उज्वलाचा फोन वाजला नाही. वैशाख संपत आला होता, दाट मुहूर्त होते, आणि नाशिकच्या केटररमंडळींत एकच बातमी फिरत होती, विधातेताईंच्या मशीनने मांडवात शॉक बसला. भाजीबाजारात एकीने तिला तोंडावर विचारलं, "म्हातारी दवाखान्यात आहे म्हणे?" उज्वला मेथीची जुडी तशीच टाकून घरी आली. तिला झोप लागेना. कधी कधी तिला स्वतःचीच शंका यायची. दिवा खरंच लागला होता ना?

मामांना कळलं तेव्हा ते एकलहऱ्याहून बसने आले. आल्या आल्या स्कूप खोलून सगळे सांधे तपासले, पुन्हा जोडला. "छत्तीस वर्सांत माझ्या कामाला कोणी नाव ठेवलं नव्हतं, उजे," एवढंच म्हणाले आणि न जेवता परत गेले. तिला किशोरशेठच्या बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं.

एका सकाळी वाल्मीक दारात उभा राहिला. हातात प्लास्टिकची पिशवी होती. आत यायला तो तयार नव्हता. त्याने ओट्यावरच पिशवी उलटी केली. हातभर वायरीचा तुकडा पडला. मधोमध ती चपटी झाली होती, रबर फाटून तांब्याची तार उघडी पडली होती.

"फ्रीझरचा पाय हिच्यावर उभा होता," तो म्हणाला. "आणि पाणी. आणि आमच्या त्या बोर्डाला अर्थिंगच नाही. दोन वर्षं मॅनेजरला सांगतोय, पण त्या दिवशी तोंड उघडलं नाही मी. नोकरी जाईल म्हणून. ताई, ती म्हातारी अनवाणी होती. झोपलो की तिचे पाय दिसतात."

उज्वला वायरीकडे बघत राहिली. "मग आता काय करायचं म्हणतोस?"

"करून आलो. मॅनेजरला सांगितलं, किशोरशेठला सांगितलं. नांदगावला फोन करून त्यांनाही सांगितलं. लॉनवाल्यांनी उद्यापासून येऊ नको म्हटलंय." तो जरासा हसला. "बोर्डाला अर्थिंग मात्र कालच बसवून घेतलं."

तिने त्याला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. मग वायरीचा तो तुकडा घेऊन ती सरळ एकलहऱ्याच्या बसमध्ये बसली. मामांनी चष्मा लावून तो दोन्ही बाजूंनी न्याहाळला, आणि मामीला हाक मारली, "अगं, जेवायचं वाढ. दोघांचं."

संध्याकाळी नवरदेवाच्या वडिलांचा फोन आला. गडी शब्दांचा कंजूस. "बाई, त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं."

"आजींची टाच बरी झाली का?" उज्वलाने विचारलं.

पलीकडे फोन या हातातून त्या हातात गेला. मग म्हातारीचाच आवाज आला, "टाच झाली बरी. कोपर दुखतंय अजून. लय जोर हाय गं तुझ्या हातात."

किशोरशेठचा फोन आला नाही, आणि तिने त्याची वाटही पाहिली नाही. आषाढात तिने ऑपरेशन करून घेतलं. तीन महिने हाताला काम नव्हतं, निवृत्ती भाकरी थापायला शिकला, वाईट थापायचा.

तुळशीचं लग्न झाल्यावर घोटीच्या तृप्ती नावाच्या केटररबाईंनी तिला बोलावलं. मांडव भातशेतीच्या कडेला होता. तृप्तीने आधीच निरोप दिला होता, "फ्रीझर कुठं ठेवायचा ते तुम्हीच दाखवा. वायर टाकायला वाल्मीकभाऊंना सांगितलंय."

उज्वलाने दीडशे वाट्या भरल्या. हात हलका होता, पण डॉक्टरांनी सांगितलेली मर्यादा तिने ओलांडली नाही. स्कूप निकिताच्या हातात दिला. निकिताचा पहिला गोळा वाकडा पडला, दुसरा वाटीच्या काठावर. उज्वलाच्या जिभेवर शब्द आले होते. ते गिळून ती पदर सारखा करत, अठरा वर्षांत पहिल्यांदाच, पंगतीत जाऊन बसली, आणि वाढप्याला म्हणाली, "मला आधी भात."